एचआयव्ही आणि सायकोसिस एकत्र आले, तर उपचार कशावर टिकतात?

एचआयव्हीवर आज उपचार आहेत. सरकारी एआरटी सेंटरमध्ये ते मोफत मिळतात आणि बहुतेक रुग्णांसाठी ते दिवसाला एका गोळीवर आलेले आहेत. ही गोळी नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत तो दिसतही नाही.

आता कल्पना करा, ही गोळी ज्याला घ्यायची आहे त्याला स्किझोफ्रेनिया आहे. आसपास कुणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. घरचेच आपल्या जेवणात काहीतरी कालवतात अशी त्याची पक्की खात्री आहे. अशा माणसाच्या हातावर रोज रात्री एक गोळी ठेवायची आणि 'घे, तुझ्या भल्याची आहे' असं म्हणायचं. सोपं आहे का?

यावर अनेकांचं उत्तर ठरलेलं असतं. 'वेड्या माणसाला काय कळणार गोळ्यांचं!' हे मत फक्त कट्ट्यावर ऐकू येतं असं नाही, कधीकधी ते दवाखान्यातही ऐकू येतं. मग अशा रुग्णांची एचआयव्ही चाचणी करायचं राहून जातं, आणि झाली तरी उपचार सुरू करताना हात आखडता घेतला जातो.

पण संशोधन काय सांगतं? सायकोसिस असलेल्या लोकांचे एचआयव्हीचे उपचार यशस्वी होतात का? आणि ते कोणत्या गोष्टींवर अवलंबून असतं? समजून घेऊया.

सायकोसिस म्हणजे नेमकं काय?

सायकोसिस हे एका आजाराचं नाव नाही. वास्तवाशी असलेलं नातं तुटतं, त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. त्यात मुख्यतः दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे भास, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं किंवा नसलेल्या गोष्टी दिसणं. दुसरी म्हणजे भ्रम, म्हणजे कितीही पुरावे दिले तरी न हलणारी चुकीची समजूत. उदाहरणार्थ, 'पोलीस माझ्या मागावर आहेत' किंवा 'माझ्या डोक्यात यंत्र बसवलंय'.

स्किझोफ्रेनियात हे दिसतं. बायपोलर आजारात आणि अतितीव्र नैराश्यातही दिसू शकतं. मेंदूचा संसर्ग, नशा किंवा काही औषधांमुळेही सायकोसिस होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० लोकांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. सायकोसिस असलेला माणूस चोवीस तास भ्रमात नसतो. उपचार चालू असतील तर अनेक जण वर्षानुवर्षं स्थिर राहतात, नोकरी करतात, संसार करतात.

'उपचार यशस्वी झाले' हे कशावरून ठरतं?

एचआयव्हीच्या बाबतीत त्याचं सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे व्हायरल लोड, म्हणजे एक मिलीलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत तो आकडा. हा आकडा १,००० किंवा त्याखाली असेल तर जागतिक आरोग्य संघटना विषाणू दबला असं मानते. आणखी खाली जाऊन तो तपासणीत सापडेनासा झाला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही.

याच्या जोडीला सीडी४ पेशींचा आकडा पाहतात. त्यावरून प्रतिकारशक्ती किती सावरली ते कळतं. आणि तिसरी, बरीचशी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रुग्ण उपचारांत टिकून आहे का? म्हणजे तो सेंटरवर येतोय का, औषध नेतोय का, की सहा महिने बेपत्ता आहे?

संयुक्त राष्ट्रांचं '९५-९५-९५' हे उद्दिष्ट यातूनच आलं. एचआयव्ही असलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांना आपला संसर्ग माहीत असावा, त्यातल्या ९५ टक्के लोकांवर उपचार चालू असावेत आणि त्यातल्या ९५ टक्के लोकांचा विषाणू दबलेला असावा. या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीवर सायकोसिस असलेला माणूस निसटू शकतो.

हे दोन आजार एकत्र का येतात?

यामागे तीन वेगवेगळ्या वाटा आहेत.

पहिली वाट: मानसिक आजार आधी, एचआयव्ही नंतर. तीव्र मानसिक आजारात निर्णय घेण्याची क्षमता अधूनमधून ढासळते. लैंगिक शोषण होण्याचा धोका वाढतो. बेघर होणं आणि व्यसन लागणं, यांची शक्यताही जास्त असते. २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात तीव्र मानसिक आजार असलेल्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण उत्तर अमेरिकेत सुमारे ६ टक्के, तर आफ्रिकेत सुमारे १९ टक्के आढळलं होतं. प्रदेशानुसार आकडा खूप बदलतो, कारण मुळात त्या भागात एचआयव्ही किती पसरलाय यावर तो अवलंबून असतो.

दुसरी वाट: एचआयव्ही आधी, सायकोसिस नंतर. एचआयव्ही मेंदूपर्यंत पोहोचतो. उपचार न झाल्यास आणि प्रतिकारशक्ती खूप खालावल्यास टोक्सोप्लाझ्मोसिस, क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस यांसारखे संसर्ग मेंदूवर हल्ला करतात. त्यात माणूस बडबडायला लागतो, ओळखेनासा होतो, त्याला भास होतात. म्हणून एचआयव्ही असलेल्या व्यक्तीमध्ये अचानक सायकोसिस दिसला, तर 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून सोडून द्यायचं नसतं. आधी मेंदूतला संसर्ग नाही ना, हे तपासावं लागतं, कारण त्यातले बरेच संसर्ग वेळेत पकडले तर त्यांवर उपचार होतात.

तिसरी वाट: औषधांमुळे. इफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीचं औषध काही वर्षांपूर्वीपर्यंत भारतासह अनेक देशांत पहिल्या फळीच्या उपचारांत होतं. भडक स्वप्नं, चक्कर, बेचैनी हे त्याचे माहितीतले त्रास आहेत, आणि काही थोड्या लोकांमध्ये भ्रम आणि भासही होऊ शकतात. टीबीवरचं सायक्लोसेरीन आणि क्वचित आयसोनायझिड यांच्यामुळेही सायकोसिस होऊ शकतो. एचआयव्ही आणि टीबी अनेकदा जोडीने येतात, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे.

वाट कोणती, यावर पुढचे उपचार ठरतात. मेंदूतल्या संसर्गामुळे झालेला सायकोसिस आणि वीस वर्षांपासूनचा स्किझोफ्रेनिया यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

मग सायकोसिस असलेले लोक गोळ्या घेतच नाहीत का?

इथे उत्तर अनपेक्षित आहे.

'एड्स' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एचआयव्हीचे उपचार सुरू केलेल्यांपैकी ते कोण मध्येच सोडतं, हे संशोधकांनी पाहिलं. अंदाज असा असतो की मानसिक आजार असलेले जास्त सोडतील. प्रत्यक्षात मानसिक आजाराचं निदान झालेल्यांमध्ये उपचार सोडण्याचं प्रमाण कमी निघालं.

याचं उत्तर त्याच अभ्यासात होतं. ज्यांच्या वर्षाला सहा किंवा त्याहून जास्त भेटी मानसिक आरोग्य सेवेत झाल्या होत्या, ते एचआयव्हीच्या उपचारांनाही चिकटून राहिले होते. म्हणजे मनावर उपचार करणारं कुणीतरी नियमित भेटत होतं, तेव्हा एचआयव्हीची गोळीही चालू राहिली.

याचा अर्थ सायकोसिस काहीच अडथळा आणत नाही, असा नाही. उपचारांबाहेर असलेला सायकोसिस मोठा अडथळा आणतो. निदान झालेला आणि उपचार चालू असलेला माणूस, आणि निदानच न झालेला माणूस, या दोघांमध्ये फार मोठं अंतर आहे. या अभ्यासात निदान झालेलेच लोक होते, हेही लक्षात ठेवायला हवं. जे कुठल्याच यंत्रणेच्या नोंदीत नाहीत, त्यांची परिस्थिती अशा आकड्यांत येत नाही.

कोणकोणत्या गोष्टींनी फरक पडतो?

१. मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत का?
हा सगळ्यात मोठा घटक. भ्रम आटोक्यात असेल तर 'गोळीत विष आहे' ही भीतीही आटोक्यात असते. सायकोसिसची काही लक्षणं कमी दिसतात पण जास्त त्रास देतात. उत्साह नाहीसा होणं, लोकांपासून तुटणं, लक्ष न लागणं, विसरणं ही ती लक्षणं. अशा माणसाचा गोळीला विरोध नसतो. तो फक्त उठून ती घेत नाही. घरच्यांना हा आळशीपणा वाटतो, पण तो आजाराचा भाग असतो.

२. आजाराची जाणीव
सायकोसिसमध्ये अनेकांना 'मी आजारी आहे' हेच पटत नाही. एचआयव्हीमध्येही सुरुवातीची कित्येक वर्षं काहीच त्रास होत नाही. दोन्ही एकत्र आले की 'मला काही झालेलंच नाही, मग गोळी कशाला?' हा प्रश्न दुप्पट जोरात येतो. इथे वाद घालून उपयोग होत नाही. 'गोळी घेतल्यावर झोप बरी लागते ना?' असं त्याच्या अनुभवाला धरून बोललं तर जास्त फायदा होतो.

३. दारू आणि इतर नशा
व्यसनामुळे दोन्ही उपचार एकाच वेळी घसरतात. अमेरिकेतल्या काही शहरांत मेथॅम्फेटामाईन ही मोठी अडचण आहे. हा पदार्थ स्वतःच सायकोसिस घडवतो. आपल्याकडे दारू हा जास्त मोठा प्रश्न आहे. 'दारू प्यायलो तर गोळी घ्यायची नाही' असा गैरसमज असल्यामुळे अनेक जण पिण्याच्या दिवशी गोळी मुद्दाम चुकवतात. खरं तर दारू वाईटच, पण त्यासाठी एचआयव्हीची गोळी चुकवणं आणखी वाईट.

४. डोक्यावर छप्पर आणि खिशात बसभाडं
गोळ्या ठेवायला जागा, खायला अन्न आणि सेंटरवर जायला पैसे, या तीन गोष्टी नसतील तर सगळं समुपदेशन वाया जातं. रस्त्यावर राहणाऱ्याची पिशवी चोरीला गेली की महिन्याची औषधंही जातात. गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. सोबत कुणी यावं लागत असेल तर दोघांचा बुडतो.

५. सोबत कोण आहे?
भारतात स्किझोफ्रेनिया असलेले बहुतेक लोक कुटुंबासोबत राहतात. ही आपली मोठी ताकद आहे. पण एचआयव्हीच्या बाबतीत त्यात एक पेच आहे. गोळ्यांची आठवण घरच्यांनी करून द्यायची तर त्यांना आजार माहीत हवा. आणि माहीत झाल्यावर ते घराबाहेर काढणार नाहीत याची खात्री कोण देणार? शिवाय अनेकदा काळजी घेणारी पत्नी किंवा पती स्वतःही एचआयव्हीसह जगत असतो. रुग्णाची आई म्हातारी झाली की तिच्यानंतर कोण, हा प्रश्न तर प्रत्येक घरात असतो.

६. दुहेरी कलंक
एचआयव्हीचा कलंक वेगळा, 'वेडा' हा शिक्का वेगळा. एआरटी सेंटरवर मानसिक आजार लपवला जातो, मानसोपचार ओपीडीत एचआयव्ही लपवला जातो. दोन्ही डॉक्टरांना अर्धीच माहिती असते. आणि पुढचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

औषधं एकमेकांवर परिणाम करतात का?

हो, आणि म्हणूनच दोन्ही डॉक्टरांना सगळी औषधं माहीत असणं गरजेचं आहे. काही ठळक उदाहरणं पाहा.

• रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट ही औषधं एचआयव्हीच्या काही औषधांची ताकद वाढवायला देतात. त्यांच्यामुळे क्वेटियापिन हे सायकोसिसचं औषध रक्तात खूप वाढतं. डोस बराच कमी करावा लागतो. लुरासिडोन तर त्यांच्यासोबत देतच नाहीत.

• रिटोनाव्हिरमुळे ओलान्झापिन मात्र कमी होऊ शकतं. म्हणजे एकच औषध एकाला वाढवतं आणि दुसऱ्याला घटवतं.

• कार्बामाझेपिन हे मूड स्थिर ठेवण्यासाठी आणि फिट्ससाठी वापरलं जातं. त्यामुळे डोल्युटेग्राव्हिर हे आजचं मुख्य एचआयव्ही औषध रक्तात कमी होतं. अशा वेळी डोल्युटेग्राव्हिरचा डोस वाढवावा लागतो किंवा कार्बामाझेपिन बदलावं लागतं.

• लिथियम आणि टेनोफोव्हिर दोन्ही किडनीवर भार टाकू शकतात. दोन्ही चालू असतील तर किडनीची तपासणी नियमित हवी.

• क्लोझापिन आणि झिडोव्हुडिन दोन्हींमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात.

• ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढू शकते. डोल्युटेग्राव्हिरवर असलेल्या काही लोकांचंही वजन वाढतं. दोन्ही एकत्र असतील तर साखर आणि कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवावं लागतं.

चांगली बातमी अशी की भारताच्या सरकारी कार्यक्रमात आता मुख्यतः टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिघांची एकत्र गोळी वापरली जाते. सायकोसिसच्या बहुतेक औषधांशी तिचं जमतं. मात्र डोल्युटेग्राव्हिरमुळे काहींना झोप न येणं किंवा उदास वाटणं असा त्रास होतो. तो डॉक्टरांना सांगायला हवा.

हे वाचून स्वतःहून कुठलंही औषध बंद किंवा कमी करू नका. ही यादी डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे.

'भ्रम' आहे की खरी तक्रार?

सायकोसिस असलेल्या रुग्णाचं सगळ्यात मोठं नुकसान कदाचित इथे होतं. त्याची कुठलीही तक्रार 'भ्रम' म्हणून बाजूला टाकली जाते.

समजा, तो म्हणतो, 'गावातले लोक माझ्यावर नजर ठेवतात. मी त्या सेंटरवर गेलो की त्यांना कळतं.' हा भ्रम असू शकतो. पण लहान तालुक्यात एआरटी सेंटरच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसणं आणि संध्याकाळपर्यंत गावभर होणं, हेही अगदी शक्य आहे.

तो म्हणतो, 'त्या गोळीने रात्री भयंकर स्वप्नं पडतात.' इफाव्हिरेन्झ चालू असेल तर हे शंभर टक्के खरं असू शकतं.

उलटही घडतं. चाचणी वारंवार निगेटिव्ह येऊनही 'मला एड्स आहे' अशी पक्की समजूत असलेले रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांना माहीत आहेत. कुठल्याही समाजातले भ्रम त्या काळाच्या भीतीतून आकार घेतात, आणि १९८०-९०च्या दशकांत एड्सची भीती तशी होती.

म्हणून अनुभवी समुपदेशक आधी तक्रार ऐकून घेतात, पडताळतात आणि मगच निष्कर्ष काढतात. गोळी सोडण्याचं कारण भ्रम असेल तर सायकोसिसचे उपचार सुधारावे लागतात. कारण दुष्परिणाम असेल तर एचआयव्हीचं औषध बदलावं लागतं. कारण बदनामी असेल तर सेंटर बदलून द्यावं लागतं. तिन्हींना 'ऐकत नाही' एवढंच लिहिलं तर तिन्ही रुग्ण हातचे जातात.

काय केल्याने खरोखर फरक पडला?

फिलाडेल्फियातल्या नर्स: अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २००४ ते २००९ या काळात एचआयव्ही आणि तीव्र मानसिक आजार दोन्ही असलेल्या २३८ लोकांना एका अभ्यासात घेतलं गेलं. त्यातल्या एका गटाला वर्षभर प्रशिक्षित नर्सची साथ मिळाली. नर्स त्यांना भेटत होती, गोळ्यांची घडी बसवून देत होती, दोन्हीकडच्या डॉक्टरांशी आणि औषध दुकानदारांशी बोलत होती. २०११ साली निकाल आले. नर्सची साथ मिळालेल्या गटात वर्षाअखेर व्हायरल लोड जास्त घटला होता. इथे नवं औषध कुठलंच नव्हतं. सगळे धागे हातात धरणारा एक माणूस तेवढा होता.

सातारा, गोवा आणि तमिळनाडू: एचआयव्हीशी थेट संबंध नसलेला, पण आपल्या जवळचा एक प्रयोगही इथे उपयोगी आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ लोकांवरचा 'कॉप्सी' हा अभ्यास सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झाला आणि २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्थानिक, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन मदत केली. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा त्याचा फायदा थोडा जास्त दिसला. फरक फार मोठा नव्हता, पण गावपातळीवरचा प्रशिक्षित माणूस हे काम करू शकतो हे त्यातून दिसलं.

इंजेक्शन: सायकोसिससाठी महिन्यातून एकदा किंवा काही आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं कित्येक दशकांपासून आहेत. आता एचआयव्हीसाठीही तशी सोय आली आहे. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन या इंजेक्शनांच्या जोडीला अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये मान्यता दिली. सुरुवातीला ती फक्त विषाणू आधीच दबलेल्यांसाठी होती. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वॉर्ड ८६' या १९८३ पासून चालणाऱ्या एचआयव्ही क्लिनिकने रोजची गोळी न जमणाऱ्यांनाही ती दिली. त्यात बेघर, व्यसन असलेले आणि मानसिक आजार असलेले लोक होते. २०२३ साली आलेल्या निष्कर्षांत त्यातल्या बहुतेकांचा विषाणू दबल्याचं दिसलं. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दोन्ही आजारांची इंजेक्शनं मिळणं ही कल्पना त्यामुळे आता दूरची राहिलेली नाही. भारताच्या सरकारी कार्यक्रमाचा कणा मात्र अजूनही रोजची गोळी हाच आहे.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आणि २०१७ पासून चाचणी पॉझिटिव्ह आली की सीडी४चा आकडा न बघता उपचार सुरू होतात.

मानसिक आरोग्याची बाजू मात्र लंगडी आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं होतं. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सेवा मिळते.

अडचण अशी की या दोन व्यवस्था शेजारी असूनही समांतर चालतात. एआरटी सेंटरचं कार्ड वेगळं, मानसोपचार ओपीडीचा केसपेपर वेगळा, वार वेगळे. स्थिर रुग्णांना एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत अनेकांच्या सोयीची आहे. पण ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येतात, त्याच्या हाती औषधांचा मोठा साठा देताना विचार करावा लागतो. तो विचार एआरटीच्या डॉक्टरांनी करायचा, तर त्यांना मानसिक आजार माहीत हवा.

कायदा काय सांगतो?

या विषयाशी संबंधित दोन्ही कायदे २०१७ चे आहेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजार आहे म्हणून व्यक्तीला निर्णयच घेता येत नाही, असं या कायद्यात गृहीत धरलेलं नाही. माहिती समजत असेल, परिणाम लक्षात येत असतील आणि निर्णय सांगता येत असेल तर तो निर्णय तिचा. 'मी आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करा' हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमण्याचा हक्कही आहे.

एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही चाचणीसाठी माहिती देऊन घेतलेली संमती लागते. संसर्गाची माहिती गुप्त ठेवावी लागते. एचआयव्ही आहे म्हणून उपचार, नोकरी किंवा शिक्षण नाकारता येत नाही.

म्हणजे मनोरुग्णालयात दाखल आहे म्हणून न विचारता चाचणी करणं चूक, आणि 'याला कशाला विचारायचं' म्हणून चाचणीची संधीच न देणं हाही त्याच्यावर अन्यायच.

घरात अशी व्यक्ती असेल तर काय लक्षात ठेवाल?

• दोन्ही औषधांची एकच यादी करा. मोबाईलमध्ये फोटो ठेवा. प्रत्येक डॉक्टरला तो दाखवा. अँटासिड, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सांगा, कारण त्या डोल्युटेग्राव्हिरसोबत एकाच वेळी घेतल्या तर अडचण होते.

• दोन्ही गोळ्यांची वेळ शक्यतो एकच ठेवा आणि ती रोजच्या एखाद्या सवयीला जोडा. रात्रीचं जेवण किंवा मालिका, काहीही चालेल.

• गोळी जेवणात लपवून देऊ नका. एकदा कळलं की 'जेवणात काहीतरी मिसळतात' हा भ्रम खरा ठरतो आणि विश्वास कायमचा जातो.

• एखादी गोळी चुकली म्हणून रागावू नका. लागोपाठ चुकायला लागल्या तर सेंटरला कळवा.

• अचानक गोंधळ, ताप, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा वागण्यात एकदम बदल दिसला तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

• व्हायरल लोडची तपासणी कधी आहे ते विचारून ठेवा. गोळ्या पोटात जातायत का, याचं उत्तर तिथेच मिळतं.

• स्वतःकडेही बघा. काळजी घेणाराच खचला तर दोन्ही उपचार थांबतात.

मदत कुठे मिळेल?

एचआयव्हीसंबंधी माहितीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ आहे. मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस'ची हेल्पलाइन १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दोन्ही मोफत आहेत आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी सेंटरमधल्या समुपदेशकाशीही बोलता येईल.

थोडक्यात

तीव्र मानसिक आजार असलेले लोक इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर मरण पावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेच मृत्यू ज्यावर उपचार आहेत अशा शारीरिक आजारांनी होतात. एचआयव्ही हा आता तसाच आजार आहे.

सायकोसिस असलेल्या व्यक्तीचा व्हायरल लोड कमी होईल का, याचं उत्तर फक्त तिच्या निदानात शोधून सापडणार नाही. मनावरचे उपचार चालू आहेत का, घर आहे का, सोबत कुणी आहे का, दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतात का आणि तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतं का, या प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरतं. यातलं बरंचसं रुग्णाच्या हातात नसतं. ते आपल्या, म्हणजे घरच्यांच्या, दवाखान्याच्या आणि सरकारच्या हातात असतं.